क्लचचं माप

आमच्या घरात विजेच्या मीटरखाली भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेले आकडे आहेत. वरचे बाबांच्या हातचे, खालचे माझ्या. रंगारी आला की बाबा त्याला तेवढा चौकोन सोडून द्यायला लावतात, त्यामुळे पिवळ्या भिंतीवर तो जुना चुना ठिगळासारखा दिसतो. त्या आकड्यांत दोन खोटे आहेत आणि दोन्ही माझे आहेत. पहिल्याबद्दल आधी सांगते, कारण दुसरा त्याच्यातूनच आला.

बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. आजोबा विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले आणि बाबाही त्याच वाटेनं गेले. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा त्यांनी बूढापाऱ्यात तलावामागच्या एका गल्लीत हे घर घेतलं, आणि त्याच वर्षी एक लहानशी पांढरी जुनी गाडी. आई तेव्हा होती. माझं लग्न तोवर आटोपलं होतं, म्हणजे तीन वर्षांत मोडलं होतं आणि मी परत आले होते. भाऊ पुण्याला. त्यामुळे बाबांना जे कुणाला तरी शिकवायचं होतं, ते सगळं माझ्या वाट्याला आलं.

त्यात क्लच लावणं होतं. ज्यांनी गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगते. क्लचचं पेडल पूर्ण दाबलं की इंजिन आणि चाकं एकमेकांपासून सुटतात. पाय हळूहळू वर घेताना एका ठिकाणी ती परत जुळतात, गाडी जरा शहारते आणि चालू लागते. त्या ठिकाणाला बाबा 'पकड' म्हणायचे. आमच्या गाडीत पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते आणि तिच्या टोकाला एक नट आहे. नट आवळला की पकड वर येते, सैल केला की खाली जाते, पार जमिनीशी. वापरानं ती इकडेतिकडे सरकते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी बाबा बॉनेट उघडून बसायचे. त्यांचा हिशोब ठरलेला होता. पेडल हातानं दाबलं तर आधी वीस मिलिमीटर ढिलं जायला पाहिजे, मग कडक लागायला पाहिजे. कारखान्यातून आणलेली स्टीलची पट्टी पेडलशेजारी उभी धरायची, ढिलाई मोजायची, वीस झाली की मीटरखाली लिहायची. बाजारात कुणी इतकं करत नाही. मेकॅनिक पायानं दोनदा दाबून बघतो आणि 'हो गया दीदी' म्हणतो. बाबांना अशा माणसांचा मनापासून राग यायचा.

त्यांच्या कारखान्यात फिटर जोडीनं काम करायचे. एकानं मोजायचं आणि आकडा सांगायचा, दुसऱ्यानं लिहायचं. दुसऱ्यानं परत मोजायचं नाही. परत मोजणं म्हणजे सोबत्याला तोंडावर खोटारडा म्हणणं, असं तिथं समजत. बाबांनी एका सोबत्याबरोबर एकोणीस वर्षं असं काम केलं आणि एकदाही त्याचं माप तपासलं नाही. हे ते इतक्यांदा सांगायचे की मी आणि भाऊ त्यांच्या पाठीमागे तोंडं वाकडी करायचो.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पाठोपाठ कमरेनं दगा दिला, तेव्हा त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. 'आता तूच मोजत जाय,' म्हणाले. 'मी लिहीन.' पुढे लिहायलाही मलाच सांगू लागले. पहिल्या दिवशी मी वीस म्हटलं आणि वाटलं, आता हे चष्मा लावून खाली वाकतील. ते वाकले नाहीत. सरळ पेन्सिल शोधायला गेले. मला इतका अभिमान वाटला की त्या दिवशी ऑफिसात मी दोघातिघांना सांगितलंसुद्धा.

आई गेल्यावर गाडी हेच त्यांचं बाहेरचं जग उरलं. सकाळी भाजी, औषधं, ओळखीच्या कुणाला दवाखान्यात सोडणं. रविवारी विहारात वंदनेला जायचं, तर गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या काकू पांढऱ्या साड्या नेसून साडेसातलाच दारात उभ्या. बाबा त्यांना मागे बसवायचे आणि हळू, अगदी हळू न्यायचे. साखरेचा आजार होता, तळव्याला मुंग्या यायच्या, पण पाय पेडलवर पडला की त्याला सगळं माहीत असायचं. पकड आली की ते मान किंचित हलवायचे. मी लहानपणापासून, सायकलवर मागे बसून, त्यांचं डोकं मागून बघत आले आहे, त्यामुळे मला ते बरोबर कळायचं.

मग एका आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. आधी गल्लीत वळताना गाडी शेजाऱ्यांच्या फाटकाला घासली. नंतर ब्राह्मणपाऱ्यातून परत येताना स्कूटीवरची एक कॉलेजची मुलगी आरशाला लागून पडली. कोपर खरचटलं, एवढंच. तिनं स्वतः सगळ्यांसमोर सांगितलं, 'अंकल की गलती नहीं है, मैं ही फोन देख रही थी.' पण माणसं जमली होती आणि त्यातल्या कुणीतरी बाबांचं वय विचारलं. मी हे भावाला फोनवर सांगितलं, तिथेच माझी पहिली चूक झाली. तो म्हणाला, 'त्यांच्याकडून गाडी काढून घे. उद्या काही झालं तर जबाबदार तू.' पुण्यात बसून जबाबदारी वाटणं सोपं असतं, हे मी त्याला म्हटलं नाही. मी घाबरले होते. त्या मुलीच्या जागी रोज मला कुणी ना कुणी दिसायचं.

सरळ बोलायला काय झालं होतं, असं कुणीही विचारेल. मीही विचारते. आमच्या घरात बाबांना तोंडावर नाही म्हणायची रीतच नव्हती, आईलाही ते जमलं नव्हतं. ते ओरडत नसत. त्यांचा चेहरा पडायचा, आणि तो पडलेला चेहरा दोन दिवस घरात फिरायचा. मला तो बघायचा नव्हता. म्हणजे खरं तर मी स्वतःलाच वाचवत होते. चावी लपवली असती तर त्यांनी मागितली असती. बॅटरीची तार काढली असती तर दोन मिनिटांत सापडली असती. अख्ख्या गाडीत एकच जागा अशी होती जी ते तपासणार नव्हते, कारण ती त्यांनी माझ्यावर सोपवली होती.

शनिवारी दुपारी ते जेवून झोपले. मी दहा नंबरचा पाना घेऊन बॉनेट उघडलं आणि नट सात आटे सैल केला. पेडलशी पट्टी लावली. ढिलाई पंचेचाळीस आली. मी घरात येऊन मीटरखाली वीस लिहिलं. आकडा नेहमीपेक्षा सुबक आला आहे, आजही दिसतो.

मला वाटलं होतं, त्यांना दोन-तीनदा त्रास होईल, कंटाळतील आणि स्वतःच म्हणतील, जाऊ दे आता. कंटाळा. एवढाच माझा अंदाज होता.

रविवारी काकू मागे बसल्या, मी पुढे. बाबांनी पेडल दाबलं, रिव्हर्स टाकायला गेले आणि गिअर असा किरकिरला की पलीकडच्या दुकानदारानं मान बाहेर काढली. इतका सैल क्लच पूर्ण दाबूनही पूर्ण सुटत नाही. त्यांनी परत दाबलं, जोर लावून. कसाबसा गिअर पडला. मग त्यांनी पाय वर घेतला, म्हणजे घ्यायला सुरुवात केली, आणि पकड जमिनीपासून बोटभरावरच बसली होती. गाडीनं मागे उडी मारली आणि बंद पडली. मागे कुणी नव्हतं. मी आधी बघून घेतलं होतं, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मी बघितलं नव्हतं. ज्या अपघाताच्या भीतीनं मी हे केलं, तो मीच गल्लीच्या तोंडाशी आणून ठेवला होता.

बाबांनी स्टिअरिंगवर हात ठेवूनच मला विचारलं, 'काल क्लच मोजला होता नं तू?'

'हो.'

'किती होता?'

'वीस.'

त्यांनी खाली, पायाकडे बघितलं. दोन-तीनदा पेडल दाबून सोडलं. ती ढिलाई त्यांना कळली नसेल असं होणारच नाही. चाळीस वर्षं लोखंडाला हात लावलेला माणूस. पट्टी दाराच्या खिशातच होती, हात लांब केला असता तर मिळाली असती. ते म्हणाले, 'मंग क्लच नाई. पायच आहे माहा.'

मागून एक काकू म्हणाल्या, 'हळूहळू होते भाऊ, घाई नाई आपल्याले.' विहारापर्यंत आम्ही चारदा बंद पडलो.

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. वंदना चालू होती, मी डोळे मिटून बसले होते आणि एकच विचार करत होते, की घरी गेल्यावर नट परत फिरवू आणि म्हणू, आज बघा बरं, पाय ठीक आहे. पण घरी पोचताच भावाचा फोन आला आणि मी त्याला अभिमानानं सांगितलं की प्रश्न सुटतोय.

ते आणखी चार दिवस झगडले. रोज सकाळी गाडी काढायचे, गल्लीत गिअर किरकिरायचा, मी आतून ऐकायचे आणि पोळ्या लाटत राहायचे. बुधवारी त्यांना दारात खुर्ची टाकून डावा पाय वरखाली करताना बघितलं. मोजून करत होते, पन्नास वेळा. मी विचारलं, 'काहून करून राहिले बाबा?' तर म्हणाले, 'याले कामाले लावून राहिलो. आळशी झाला.' त्यांच्या आवाजात चेष्टा होती. ती शेवटची चेष्टा होती, हे मला तेव्हा समजलं नाही.

गुरुवारी बाबा एकटेच शंकर नगरला माझ्या ऑफिसकडे येत होते, तेव्हा सिग्नलला गाडीनं उडी घेतली आणि समोरच्या मोटरसायकलला टेकली. काही मोडलं नाही. पण तो माणूस खाली उतरला, काचेत वाकला आणि म्हणाला, 'बाबाजी, घर में बैठिए अब. पैर काम नहीं करता तो काहे निकलते हो? किसी की जान ले लोगे.' हे मला बाबांनीच सांगितलं, शब्द न् शब्द, जेवताना. त्यांना त्या माणसाचा राग आला नव्हता. 'बरोबर बोलला तो,' म्हणाले. ताटात वरण घेतलं, पण कालवलं नाही. मग उठून चावी देवघराच्या जागी आम्ही बुद्धाची मूर्ती ठेवतो तिथे, मूर्तीशेजारी ठेवून दिली. 'माहा पाय गेला वं बाई. आता तूच चालव.'

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण त्या संध्याकाळी मला खरंच सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी नट आवळून ढिलाई वीसवर आणली, कारण आता गाडी मला न्यायची होती. ते माप मी लिहिलं नाही. भिंतीवर वीस आधीच होता.

पाय गेला म्हणजे काय, हे त्यांनी माझ्यापेक्षा फार शब्दशः घेतलं. मी गाडीपुरता विचार केला होता. ज्या पायाला क्लच दाबता येत नाही, त्याच्यावर जिन्यात भरवसा कसा ठेवायचा? ते गच्चीवर जायचे थांबले. तलावाची रोजची फेरी आधी अर्धी झाली, मग बंद. नहाणीत जाताना भिंत धरू लागले. कुणीतरी काठी आणून दिली, ती त्यांनी तक्रार न करता घेतली आणि सगळा भार उजव्या पायावर टाकून चालू लागले. रविवारी मी न्यायला तयार असायचे, पण विहाराच्या तीन पायऱ्या नकोत म्हणाले. काकूंचंही जाणं सुटलं. त्यातली एक पुढच्या थंडीत वारली. शेवटच्या भेटीत तिनं मला विचारलं होतं, 'भाऊच्या पायाले एवढ्या लवकर काय झालं वं? दिवाळीत तं चांगला होता.' मी म्हटलं, साखर.

वर्षभरानं मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. गल्लीतून गाडी काढताना ते शेजारी बसले होते, डावा पाय पुढे घेऊन. मी पकडीवर आले आणि त्यांनी मान किंचित हलवली. मग म्हणाले, 'तुहा पाय चांगला आहे. बिलकुल झटका नाई.' मी रस्त्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते आणि समोर रिक्षा होती.

डॉक्टरनं तळव्याला टाचणी लावून बघितली, हातोडीनं गुडघा ठोकला, तपासण्या करून घेतल्या. दुसऱ्या भेटीत कागद बघत म्हणाला की नसा वयाच्या आणि साखरेच्या मानानं ठीक आहेत, पण स्नायू न वापरल्यानं गळून गेलेत. 'चलना क्यों छोड़ दिया आपने?' त्यानं विचारलं. बाबांनी गंभीरपणे उत्तर दिलं, 'साहब, क्लच ने बता दिया. माप बराबर था, बेटी ने खुद नापा था. फिर भी गाड़ी कूदती थी. तो खराबी पैर में ही हुई ना?' डॉक्टर हसला, त्याला ते म्हाताऱ्याचं काहीतरी वाटलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी दोघांच्या मधल्या खुर्चीत बसले होते. एक वाक्य पुरलं असतं. मी पर्समधून जुना रिपोर्ट काढून त्याच्यासमोर ठेवला.

व्यायाम सांगितले, तेल लावायला सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी ऑफिसच्या आधी मी त्यांच्या डाव्या पायाला तेल लावते. पिंढरी हातात येते ती मऊ, रिकामी, आणि उजवी अजून त्यातल्या त्यात भरलेली. ते वरून बघत असतात. कधी म्हणतात, 'तुले किती त्रास.' कबूल करायचं ठरवून मी दोनदा तरी बसले आहे. पण कबूल करून काय देणार त्यांना? तुमचा पाय चांगला होता आणि आता नाही, एवढंच. आणि वर एक मुलगी काढून घेणार, जिचं माप त्यांनी कधी तपासलं नाही. हे मी त्यांच्यासाठी म्हणते की स्वतःसाठी, ते मला आता सांगता येत नाही.

फिटर तो फिटर. तेल लावून फरक पडतो की नाही हे मोजलं पाहिजे, असं त्यांनीच काढलं. आता दर महिन्याला मी शिवणकामाची टेप पिंढरीभोवती गुंडाळते, आकडा मोठ्यानं सांगते आणि मीटरखाली, माझ्या त्या वीसच्या खाली, लिहिते. पहिल्या महिन्यात सव्वीस सेंटिमीटर. मग सव्वीसच. मग साडेपंचवीस. हे सगळे खरे आहेत. साडेपंचवीस ऐकल्यावर त्यांनी पायाची पन्नास वेळा वरखाली त्या दिवशी दोनदा केली.

गेल्या महिन्यात टेप पंचवीसच्याही खाली गेली. मी परत गुंडाळली, जरा सैल धरून. तरी पंचवीसला पोचली नाही.

'किती?' त्यांनी विचारलं.

'सव्वीस,' मी म्हटलं.

त्यांनी पायाकडे बघितलं. मला वाटलं, आता टेप मागतील. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, मागावी.

'वाढला म्हणजे,' ते म्हणाले. 'लिही.' मी पेन्सिल घेऊन भिंतीकडे गेले आणि लिहिलं. पाठीमागून त्यांचा आवाज आला, किती तरी दिवसांनी थोडा हलका. 'असाच वाढत गेला तं उन्हाळ्याच्या आत एकडाव गाडी काढून पाहू. गल्लीतल्या गल्लीत. तू तेवढा क्लच मोजून ठेव.'

'ठेवते,' मी म्हटलं.